तयार पीडीएफला कोडमधून पासवर्ड लावताना

महिनाअखेर आली की पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने अशा सगळ्याच कार्यालयांत पगारपत्रकांच्या पीडीएफ तयार होतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या काढून देतं आणि कुणीतरी त्या ज्याच्या त्याच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून देतं. त्या एका पानावर पॅन असतो, बँक खात्याचा क्रमांक असतो, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन असतो आणि पगाराचा आकडा तर असतोच. एकाची फाइल चुकून दुसऱ्याला गेली की ती परत मागून उपयोग नसतो, कारण तोवर ती पाहून झालेली असते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकतो.

पाच-दहा फायलींना हाताने पासवर्ड लावता येतो. शंभर झाल्या की माणूस कंटाळतो आणि सगळ्यांना एकच पासवर्ड लावून मोकळा होतो. मग सगळ्यांना सगळ्यांच्या फायली उघडता येतात आणि पासवर्ड लावण्यात अर्थ उरत नाही. हे काम कोडकडे द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कधी उघडून पाहिली नसेल तरी पुढच्या पायऱ्या एका निवांत दुपारी पुऱ्या होतात. पासवर्ड लावायला खरं तर एकच ओळ लागते. ती लिहिण्याआधी आणि लिहिल्यावर काय करायचं, यावर फाइल खरोखर सुरक्षित झाली की नाही हे ठरतं. म्हणून त्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

लेखातला कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. संगणकावर पायथनचे शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी टाइप करायचे. स्वतः दिलेली नावं, म्हणजे ‘मूळ’, ‘नवी’, ‘यादी’ वगैरे, मात्र जशीच्या तशी देवनागरीत लिहिली तरी पायथन ३ ला चालतात. नवख्या माणसाला याचा मोठा फायदा होतो, कारण कुठला शब्द पायथनचा आणि कुठला आपला हे नजरेलाच कळतं. काही मराठी कीबोर्ड अक्षरं जोडताना मध्ये एक अदृश्य चिन्ह घालतात आणि त्यावर पायथन अडतो. त्यामुळे नावं साधी ठेवा, ‘दुसऱ्या’सारखे शब्द टाळा.

आधी ठरवा: कुठला पासवर्ड?

पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड असतात आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला ‘युजर पासवर्ड’. तो दिल्याशिवाय फाइल उघडतच नाही. दुसरा ‘ओनर पासवर्ड’. तो छपाई, मजकूर कॉपी करणं, बदल करणं अशा परवानग्यांसाठी असतो. नुसता ओनर पासवर्ड लावला तर फाइल कुणालाही उघडता येते, फक्त छपाईचं बटण मंद दिसतं. अशा फाइलमधला मजकूर सांकेतिक रूपात असतो हे खरं, पण तो उलगडायची किल्ली रिकाम्या पासवर्डातूनच निघते. म्हणजे वाचण्यासाठी लागणारं सगळं फाइल उघडणाऱ्याकडे आलेलं असतं. परवानग्या पाळायच्या की नाही हे तो वाचक-प्रोग्रॅम ठरवतो. बागेत ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे. सभ्य प्रोग्रॅम ती पाटी मानतात, बाकीचे मानत नाहीत.

तेव्हा गुप्तता हवी असेल तर युजर पासवर्ड लागतोच. ‘कॉपी बंद केली आहे’ एवढ्यावर विसंबून पगारपत्रक किंवा वैद्यकीय अहवाल पाठवू नका.

दुसरा निर्णय पद्धतीचा. पीडीएफमधलं सुरुवातीचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करणं, आरसी४ या पद्धतीचं होतं आणि त्याची किल्ली ४० बिटांची होती. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला संख्या मोठी वाटते, पण आजचा संगणक त्या सगळ्या तपासून पाहू शकतो, मग तुमचा पासवर्ड कितीही लांब असो. नंतर १२८ बिटांचं आरसी४ आलं, मग १२८ बिटांचं एईएस (ही आरसी४ हून भक्कम अशी वेगळी पद्धत), आणि शेवटी २५६ बिटांचं एईएस. २०१७ मध्ये आलेल्या पीडीएफ २.० या आंतरराष्ट्रीय मानकाने आरसी४ ला निरोप दिला आहे. नव्या कामासाठी एईएस-२५६ हाच पर्याय घ्या. ॲक्रोबॅटच्या २०१० नंतरच्या आवृत्त्या आणि आजचे ब्राउझर अशा फायली बिनतक्रार उघडतात.

तयारी

पायथन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये पायथन जोडण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. ती राहिली तर पुढे ‘पायथन सापडत नाही’ असं ऐकावं लागतं.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "पायपीडीएफ[क्रिप्टो]"

पायपीडीएफ ही पीडीएफवर काम करणारी पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिची अक्षरं पी-वाय-पी-डी-एफ, सगळी लहान. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ‘पायपीडीएफ२’ हे नाव दिसेल. ते आता जुनं झालं आहे, त्याचं पुढचं काम ‘२’ नसलेल्या या नावाखालीच चालतं. चौकटी कंसातला ‘क्रिप्टो’ हा शब्द गाळू नका. त्याच्यामुळे एईएससाठी लागणारी वेगळी लायब्ररी सोबत येते. ती नसेल तर कोड चालताना ‘डिपेन्डन्सी एरर’ येतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. मॅकवर तर त्या ओळीतली अवतरणचिन्हंही हवीतच, नाहीतर तिथलं टर्मिनल चौकटी कंसाचा भलताच अर्थ लावतं.

एक वेगळा फोल्डर करा. त्यात सरावासाठी एक पीडीएफ ठेवा, कुणाची खरी माहिती नसलेली. सराव खऱ्या पगारपत्रकावर करू नका.

एका फाइलला पासवर्ड

त्याच फोल्डरमध्ये एक नवी पायथन फाइल करून हे लिहा:

फ्रॉम पायपीडीएफ इम्पोर्ट पीडीएफरीडर, पीडीएफरायटर
मूळ = पीडीएफरीडर("नमुना.पीडीएफ")
नवी = पीडीएफरायटर(क्लोन_फ्रॉम=मूळ)
नवी.एन्क्रिप्ट(युजर_पासवर्ड="सरावाचा-शब्द", ओनर_पासवर्ड="वेगळा-लांब-शब्द", अल्गोरिदम="एईएस-२५६")
नवी.राइट("नमुना-बंद.पीडीएफ")

‘पीडीएफरीडर’ आणि ‘पीडीएफरायटर’ या नावांत पहिला पी आणि मधला आर किंवा डब्ल्यू एवढीच अक्षरं मोठी, बाकी सगळी लहान. ‘एईएस-२५६’ मधली तिन्ही अक्षरं मोठी आणि मध्ये साधी आडवी रेघ. अवतरणातले दोन्ही पासवर्ड सध्या रोमन अक्षरांतच लिहा, त्याचं कारण पुढे येईल.

पहिली ओळ लायब्ररी बोलावते. दुसरी जुनी फाइल वाचते, तिला हात लावत नाही. तिसरी तिची पूर्ण प्रत घेते. बऱ्याच जुन्या उदाहरणांत या ठिकाणी एकेक पान उचलून नव्या फाइलमध्ये टाकणारा लूप दिसतो. तोही चालतो, पण त्यात बुकमार्क आणि भरायच्या फॉर्मची अंगं मागे राहू शकतात. ‘क्लोन’ने सगळं सोबत येतं.

चौथी ओळ खरी कामाची आहे. तिच्यातला ‘अल्गोरिदम’ हा भाग ऐच्छिक आहे, आणि धोका तिथेच आहे. तो लिहिला नाही तर पायपीडीएफ गुपचूप १२८ बिटांचं आरसी४ वापरतं. फाइल उघडताना पासवर्ड मागते, त्यामुळे सगळं ठीक झालंय असं वाटतं. तेव्हा हा भाग दर वेळी लिहायचाच.

ओनर पासवर्ड युजर पासवर्डाहून वेगळा आणि लांबलचक द्या, आणि रिकामं अवतरण तर कधीच देऊ नका. २५६ बिटांच्या पद्धतीत ओनर पासवर्ड रिकामा असेल तर तो ‘रिकामा’ पासवर्डच फाइल उघडून देतो. क्यूपीडीएफ नावाचं कमांडवर चालणारं एक चांगलं साधन आहे, ते अशी फाइल बनवायलाच नकार देतं आणि मुद्दाम सांगितलं तरच बनवतं.

पाचवी ओळ नव्या नावाने फाइल लिहिते. जुन्याच नावावर लिहिण्याचा मोह टाळा. मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली तर हातात ना मूळ राहते ना नवी.

लागला की नाही, ते पाहा

फाइलवर दोनदा क्लिक करून पासवर्डाची चौकट आली म्हणून खूश होऊ नका. निदान चार गोष्टी तपासा, आणि त्या कोडनेच तपासलेल्या बऱ्या:

तपास = पीडीएफरीडर("नमुना-बंद.पीडीएफ")
प्रिंट(तपास.इज_एन्क्रिप्टेड)
प्रिंट(तपास.डिक्रिप्ट(""))
प्रिंट(तपास.डिक्रिप्ट("सरावाचा-शब्द"))
प्रिंट(लेन(तपास.पेजेस))

पहिल्या उत्तरात ‘ट्रू’ यायला हवं. दुसऱ्यात आपण मुद्दाम रिकामा पासवर्ड देतो आहोत, तिथे ‘नॉट डिक्रिप्टेड’ किंवा, पायथनच्या नव्या आवृत्त्यांत, नुसतं ० यायलाच हवं. नुसता ओनर पासवर्ड लागलेली फाइल याच ओळीत सापडते. तिसऱ्यात खरा पासवर्ड चालला पाहिजे आणि चौथ्यात पानांची संख्या मूळ फाइलइतकीच हवी.

ही बनवलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघण्यासारखी असते. बहुतेक भाग अगम्य चिन्हांचा दिसेल, पण शेवटाकडे शोधलं तर तिरक्या रेघेपुढे ‘एन्क्रिप्ट’ हा शब्द स्वच्छ वाचता येतो. मजकूर सांकेतिक झाला तरी फाइलचा सांगाडा उघडाच असतो, कारण वाचक-प्रोग्रॅमला पासवर्ड मागण्याआधी निदान तो मागायचा आहे हे कळावं लागतं. फाइलचं नावही उघडंच राहतं. ‘हृदयरोग-तपासणी-अहवाल’ असं नाव ठेवून आत पासवर्ड लावला तर सांगायचं ते नावानेच सांगून टाकलं.

शेवटी ती फाइल एकदा फोनवर पाठवून उघडा. मिळणारा माणूस ती बहुधा तिथेच उघडणार आहे.

पासवर्ड कुठला?

आपल्याकडे पीडीएफचा पासवर्ड म्हटलं की जन्मतारीख, असं समीकरणच होऊन बसलं आहे. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष असा पासवर्ड असतो, हे सगळ्यांना पाठ आहे. आयकर खात्याकडून येणाऱ्या विवरणपत्राच्या पावतीला पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख लागते. यांत सोय आहे, पासवर्ड वेगळा कळवावा लागत नाही. पण गुप्तता किती हे मोजून बघा. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला ई-आधारसाठी फक्त जन्मवर्षाचा अंदाज करायचा आहे, म्हणजे फार तर शंभर शक्यता. नुसती पूर्ण जन्मतारीख घेतली तरी शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास तारखा होतात. एवढ्या तारखा वर लिहिलेल्यासारखाच दहा ओळींचा कोड करून बघतो.

त्यात पीडीएफची अंगभूत अडचण अशी, की प्रत्येक अंदाज तपासायला संगणकाला फारसे कष्ट पडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१० नंतरच्या फायलींत एकेका पासवर्डावर १ लाख वेळा ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया करावी लागते, ती अंदाज करणाऱ्याची चाल मंदावते. पीडीएफ २.० च्या पद्धतीत अशा फेऱ्या ६४ पासून पुढे, म्हणजे खूपच कमी. शिवाय फाइल एकदा दुसऱ्याच्या संगणकावर गेली की ‘तीन वेळा चुकलात, आता थांबा’ असं सांगणारं तिथे कुणी नसतं. म्हणून पीडीएफचा पासवर्ड लांब आणि यंत्राने निवडलेला हवा.

पायथनमध्ये त्यासाठी ‘सीक्रेट्स’ नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, आधीपासून आहे. ‘रँडम’ मॉड्यूल यासाठी वापरू नका. ते खेळ आणि सांख्यिकीसाठी आहे, त्याचे पुढचे आकडे आधीच्या आकड्यांवरून काढता येतात. माझी पसंती अशी: एल आणि ओ वगळून उरलेली २४ लहान इंग्रजी अक्षरं, आणि २ ते ९ हे आठ अंक. मिळून ३२ चिन्हं झाली. ती अवतरणात सलग लिहून त्यांना ‘अक्षरे’ हे नाव द्या, आणि त्याआधी ‘इम्पोर्ट सीक्रेट्स’ ही ओळ हवी. शून्य आणि ओ, एक आणि एल यांतला घोळ मिटतो, फोनवर पासवर्ड सांगताना तारांबळ उडत नाही. अशी १२ चिन्हं घेतली की शक्यता दोनाच्या साठाव्या घाताइतक्या होतात, म्हणजे एकावर अठरा शून्यं यापेक्षाही जास्त.

गुप्त = "".जॉइन(सीक्रेट्स.चॉइस(अक्षरे) फॉर क्ष इन रेंज(१२))

चार-चार चिन्हांचे तीन गट करून मध्ये आडवी रेघ दिली तर वाचायला सोपं जातं. रेघा पासवर्डाचाच भाग ठेवायच्या की नाही ते एकदा ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा.

मराठीत पासवर्ड चालेल का? एईएस-२५६ च्या नव्या पद्धतीत तत्त्वतः चालतो. तिथे पासवर्ड यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची एक पद्धत), १२७ बाइटपर्यंत असू शकतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात, म्हणजे ४२ चिन्हांची मर्यादा झाली. जुन्या पद्धतींत देवनागरीला जागाच नव्हती. तरीही माझा सल्ला नको असाच आहे. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन कीबोर्डांवर दोन वेगळ्या क्रमांनी साठवलं जातं. डोळ्यांना तेच दिसतं, आणि काही वाचक-प्रोग्रॅमना मात्र ते वेगळं वाटतं. अंकांचंही तसंच. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना टाइप केलेलं १९८५ आणि इंग्रजी कीबोर्डवरचं तेच वर्ष हे दोन निराळे पासवर्ड आहेत. ‘पासवर्ड बरोबर टाकतोय तरी उघडत नाही’ या तक्रारीत आधी कीबोर्ड कुठला आहे ते विचारा.

शंभर फायली एका दमात

आता खरं काम. दर महिन्याला प्रत्येकाला नवा पासवर्ड दिला तर लोक ते लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवतील. त्यापेक्षा प्रत्येक कर्मचाऱ्याचा एकच लांब पासवर्ड एकदा बनवा, हातोहात किंवा फोनवर द्या आणि वर्षभर तोच वापरा. कोण गेलं, कुणाचा फुटला, की फक्त त्याचा बदला.

त्यासाठी दोन स्तंभांची सीएसव्ही यादी, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, लागते: ‘क्रमांक’ आणि ‘पासवर्ड’. पगारपत्रकांच्या फायलींची नावं कर्मचारी क्रमांकानेच ठेवा. फोल्डर दोन करा, ‘मूळ’ आणि ‘बंद’.

इम्पोर्ट सीएसव्ही, सीक्रेट्स
फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
फ्रॉम पायपीडीएफ इम्पोर्ट पीडीएफरायटर

विथ ओपन("यादी.सीएसव्ही", एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग", न्यूलाइन="") ॲज वही:
    यादी = {ओळ["क्रमांक"]: ओळ["पासवर्ड"] फॉर ओळ इन सीएसव्ही.डिक्टरीडर(वही)}

फॉर फाइल इन पाथ("मूळ").ग्लॉब("*.पीडीएफ"):
    गुप्त = यादी.गेट(फाइल.स्टेम)
    इफ नॉट गुप्त:
        प्रिंट("यादीत नाही:", फाइल.नेम)
        कंटिन्यू
    नवी = पीडीएफरायटर(क्लोन_फ्रॉम=फाइल)
    नवी.एन्क्रिप्ट(गुप्त, सीक्रेट्स.टोकन_यूआरएलसेफ(२४), अल्गोरिदम="एईएस-२५६")
    नवी.राइट(पाथ("बंद") / फाइल.नेम)

आत सरकलेल्या ओळी चार-चार मोकळ्या जागांनी सरकवा. पायथनमध्ये ती नुसती मांडणी नाही, कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे त्यावरूनच ठरतं. ‘स्टेम’ म्हणजे फाइलचं नाव, शेवटचा पीडीएफ हा भाग सोडून. त्याच नावाने यादीत पासवर्ड शोधला जातो. सापडला नाही तर कोड त्या फाइलचं नाव दाखवून पुढे जातो. पासवर्डाविना फाइल ‘बंद’मध्ये टाकत नाही, हे महत्त्वाचं. तिथे जे पोचलं ते पासवर्ड लागूनच पोचलं, एवढी खात्री पाठवणाऱ्याला हवी. ओनर पासवर्ड इथे प्रत्येक फाइलला वेगळा बनतो आणि कुठेच जपला जात नाही. मूळ फाइल आपल्याकडे असल्याने त्याची गरजही नाही.

‘यूटीएफ-८-सिग’ हे लांबलचक नाव यासाठी, की एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ अशी साठवलेली यादी सुरुवातीला एक अदृश्य खूण घेऊन येते. ती खूण न काढता वाचलं तर पहिल्या स्तंभाचं नाव ‘क्रमांक’ राहत नाही आणि कोड ‘असा स्तंभच नाही’ म्हणून थांबतो.

एक्सेलचा दुसरा उपद्व्याप याहून वाईट आहे. ००४५ हा कर्मचारी क्रमांक त्यात उघडला की ४५ होतो. बारा किंवा जास्त आकड्यांची संख्या घातांकी रूपात जाते. अंकांच्या मध्ये ई हे अक्षर आलेला पासवर्डही एक्सेलला एखादी घातांकी संख्या वाटू शकतो. यादी नुसती बघायला उघडली आणि बंद करताना सवयीने ‘सेव्ह’ दाबलं, तरी एवढं नुकसान होऊन जातं. म्हणून यादी कोडनेच बनवा आणि बघायची झाली तर नोटपॅडमध्ये बघा. एक्सेलच वापरायचं असेल तर ते दोन्ही स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचे करून घ्या.

डिजिटल सही असेल तर

फॉर्म १६ सारख्या कागदांवर डिजिटल सही केलेली असते. अशा फाइलला नंतर पासवर्ड लावला की सही बाद होते. सही फाइलच्या नेमक्या बाइट्सवर केलेली असते आणि एन्क्रिप्शनने ते सगळे बाइट्स बदलतात. दिसायला सहीची चौकट तशीच राहील, पण तपासणीत ती अवैध ठरेल. क्रम उलटा हवा: आधी पासवर्ड, मग सही. सही झालेली फाइलच हातात आली असेल तर तिला हात न लावता ती एईएस-२५६ च्या झिपमध्ये घालून पाठवा.

वर्ड आणि एक्सेलच्या फायली

इथे अनेकांची फसगत होते. एक्सेलच्या फायलींसाठी असलेल्या ‘ओपनपायएक्सएल’ या लोकप्रिय लायब्ररीत शीटला आणि वर्कबुकला पासवर्ड देण्याची सोय आहे. ती एन्क्रिप्शन नाही. ती फक्त ‘या खान्यांत बदल करू नका’ असं सांगते, आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. वर्डसाठीच्या ‘पायथन-डॉक्स’मध्ये तर पासवर्डाची सोयच नाही.

नव्या प्रकारची वर्ड किंवा एक्सेल फाइल ही मुळात एक झिप असते. ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिली दोन अक्षरं ‘पीके’ दिसतात. झिप ज्यांनी बनवलं त्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं. शीटला पासवर्ड लावलेल्या फाइलमध्येही ती तशीच दिसतात, म्हणजे फाइल झिप म्हणून उघडून आतलं सगळं वाचता येतं. खरं एन्क्रिप्शन झालं की बाहेरचं खोकंच बदलतं आणि सुरुवातीचं ‘पीके’ नाहीसं होतं. दोन अक्षरांवरून उलगडा होणारी ही तपासणी मला फार आवडते, कुणालाही शिकवता येते.

पायथनमध्ये हे खरं एन्क्रिप्शन ‘एमएस-ऑफ-क्रिप्टो-टूल’ ही लायब्ररी करते. त्याच्या ‘ओओएक्सएमएलफाइल’ला मूळ फाइल द्यायची, ‘एन्क्रिप्ट’ला पासवर्ड आणि नवी फाइल. दोन्ही फायली बायनरी प्रकारात, म्हणजे ‘आरबी’ आणि ‘डब्ल्यूबी’ देऊन उघडाव्या लागतात. हे साधन मुख्यतः पासवर्ड माहीत असलेल्या फायली उलगडण्यासाठी आहे, पासवर्ड लावण्याचा भाग त्याचे कर्तेच प्रायोगिक म्हणतात. त्यामुळे बनलेली प्रत्येक फाइल खऱ्या वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये उघडून पाहिल्याशिवाय पाठवू नका. जावा ही भाषा येत असेल तर अपाची पीओआय ही लायब्ररी हा मुरलेला पर्याय आहे, त्यात ‘अजाइल’ हा प्रकार निवडा. आणि समोरच्याला फाइलमध्ये बदल करायचेच नसतील तर सरळ पीडीएफ करून तिला पासवर्ड लावा, सगळी कटकट वाचते.

कोड चालून गेल्यावर

पासवर्ड कोडमध्ये लिहून ठेवू नका. सरावाला चालतं, कामाला नाही. तो कोड उद्या कुणाला मदतीसाठी पाठवाल किंवा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकाल, त्याच्यासोबत पासवर्डही जाईल. एकच फाइल करायची असेल तर ‘गेटपास’ मॉड्यूल वापरा. ते चालताना पासवर्ड विचारतं आणि टाइप केलेलं पडद्यावर दाखवत नाही. कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिला तर तो कमांडच्या इतिहासात राहू शकतो, हेही ध्यानात असू द्या. यादीची सीएसव्ही सगळ्या पासवर्डांनिशी उघडी पडलेली असते, तिला काम झाल्यावर कीपास किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा.

फाइल आणि पासवर्ड एकाच ईमेलमध्ये पाठवण्यात काही हशील नाही. ईमेल चुकीच्या माणसाला गेलं तर त्याला दोन्ही मिळतात. फाइल ईमेलने, पासवर्ड समोरासमोर किंवा फोनवर. ‘फुकट पीडीएफला पासवर्ड लावा’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर पगारपत्रकं चढवू नका. ज्या माहितीला जपायचं तीच आधी उघडी करून अनोळखी सर्व्हरला देणं मला पटत नाही, आणि आता तर तुमच्याकडे स्वतःचा कोड आहे.

एईएस-२५६ आणि बारा चिन्हांचा यंत्राने निवडलेला पासवर्ड असेल, तर तो हरवल्यावर फाइल उघडून देणारा कुणी भेटणार नाही. त्यासाठी मूळ फायलींची एक प्रत कार्यालयाच्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवा, विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहेच. बाकीच्या उघड्या प्रती मात्र शोधून काढा. त्या बहुतेकदा डाउनलोड्समध्ये, रिसायकल बिनमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या जुन्या आवृत्त्यांत सापडतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने पीडीएफ जिथे पहिल्यांदा काढली, तो फोल्डर तर हमखास विसरला जातो. मागच्या महिन्यांत पासवर्डाशिवाय पाठवलेली पगारपत्रकं ईमेलच्या ‘सेंट’मध्ये अजून पडून असतील, तिथून सुरुवात करा.